हाताला बसलेला माऊस

मी एक जुना माऊस आहे. काळा, वायरवाला, पाठीवर मधोमध चाक असलेला. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की जुन्या वस्तू आपली थोरवी गातात. जुनी छत्री म्हणते, मी कितीजणांना भिजू दिलं नाही. जुनी सायकल म्हणते, मी कितीजणांना वेळेवर पोचवलं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि वस्तू खूश होते. माझी गोष्ट तसली नाही. माझ्यामुळे एका बाईंच्या तपासणीच्या रिपोर्टात चुकीची ओळ गेली. माझ्यामुळे एका टायपिस्टबाईंचं काम गेलं आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की गोड बोलून गळ्यात मारलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका रांगेने बसल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या बाईने माझं डावं बटण दहा वेळा दाबलं आणि कान देऊन ऐकलं. टिक, टिक, टिक. या बटणाखाली माझ्या पोटात तांब्याची एक पातळ पट्टी आहे, कापून टाकलेल्या नखाएवढी. बटण दाबलं की पट्टी वाकते, खालच्या टोकाला टेकते आणि संगणकाला कळतं की बटण दाबलेलं आहे. बोट उचललं की पट्टी परत जागेवर. माझं सगळं शहाणपण काय ते एवढंच. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं की ही पट्टी पन्नास लाख वेळा वाकेल. आकडा ऐकून मी हुरळून गेलो. पन्नास लाखांनाही शेवट असतो, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

मी आलो तो एका लॅबमध्ये. लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टरबाई दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या. कुणाच्या अंगावर गाठ आली की सुईने त्यातलं थेंबभर काढायचं, काचपट्टीवर पसरायचं आणि पेशी बऱ्या आहेत की बिघडलेल्या, ते बघायचं, हे त्यांचं काम. रक्त काढायला एक गडी होता. त्याला सगळे डास म्हणायचे आणि तोही मजेत ओ द्यायचा. बाहेरच्या खोलीत एक खिडकी होती, खिडकीला पडदा, पडद्याआड टेबल, आणि टेबलावर मी. तिथे बसायच्या टायपिस्टबाई. सगळे त्यांना ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईंचा हात काय सांगू तुम्हाला! पिसासारखा हलका. त्या बटण दाबायच्या नाहीत, नुसतं टेकवायच्या, आणि कर्सर नेमका हव्या त्या अक्षरापाशी. त्यांचे वडील घड्याळजी होते. लहानपणी वडिलांना चिमटा धरून द्यायचं काम ताईंकडे असायचं, त्यातून हा हात घडला. पण पुढे वडिलांचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग एवढे की दुकान बंद करावं लागलं. आता ते ताईंकडेच असतात, आणि ताई त्यांना अर्धाच कप चहा देतात, म्हणजे सांडत नाही. हे ताईंनी एकदा डासला सांगितलं होतं. सांगताना त्या आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होत्या.

आता काम कसं चालायचं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डॉक्टरबाई एका चिठ्ठीवर निकाल लिहून द्यायच्या. ताई तो टाईप करायच्या. पण रिपोर्टाची शेवटची ओळ, म्हणजे निष्कर्ष, हाताने टाईप करायचा नाही, असा डॉक्टरबाईंचा कडक नियम होता. पूर्वीच्या एका टायपिस्टने निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहून गोंधळ घातला होता. म्हणून त्यांनी एक फाईल करून दिली. तिच्यात ठरलेली वाक्यं एकाखाली एक. पहिलं वाक्य, ‘दूषित पेशी आढळल्या नाहीत.’ दुसरं, ‘दूषित पेशी आढळल्या, तातडीने उपचार सुरू करावेत.’ खाली आणखी पाच-सहा. ताईंनी फाईल उघडायची, वाक्याच्या सुरुवातीला माझं बटण दाबून धरायचं, शेवटपर्यंत ओढत न्यायचं, वाक्य निळं झालं की कॉपी करायचं आणि रिपोर्टात येऊन पेस्ट करायचं. दिवसातून साठ-सत्तर वेळा. चूक होऊ नये म्हणून केलेली युक्ती होती ती.

सहा वर्षं आमचं उत्तम चाललं. रोज सकाळी ताई स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसायच्या. “माझा माऊस बघा, कालच आणल्यासारखा,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी काय, हरभऱ्याच्या झाडावर! बाहेरून चकचकीत दिसत होतो ना. आत पट्टी झिजत होती, ते कुणाला दिसणार? मला जाणवत होतं, पण मी स्वतःशीही कबूल केलं नाही.

सातव्या वर्षी माझा तोल जायला लागला. ताई वाक्य ओढत न्यायच्या आणि मध्येच, डोळ्याचं पातं लवतं त्याच्या निम्म्या वेळात, माझी पट्टी टोकापासून सुटायची. संगणकाला वाटायचं, बाईंनी बोट उचललं. निळा पट्टा अर्ध्यावर तुटायचा, नाहीतर सगळाच जायचा. कधी ताई एकदा क्लिक करायच्या आणि पट्टी थरथरून दोनदा टेकायची. मग आख्खा शब्द निळा व्हायचा आणि पुढचं अक्षर दाबलं की तो शब्द गडप. एकदा तर निळं झालेलं वाक्य उचललं गेलं आणि तीन ओळी खाली जाऊन पडलं.

“अरेच्चा! मी तर पूर्ण ओळ धरली होती,” ताई म्हणाल्या. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा जमलं.

लॅबच्या मशिनी बघायला एक गृहस्थ यायचे. काहीही बिघडलं तरी त्यांचा पहिला उपाय ठरलेला, म्हणून डासने त्यांचं नाव रीस्टार्टकाका ठेवलं होतं. काका आले. संगणक बंद केला, चालू केला, हात झटकले आणि गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी कीबोर्ड उलटा करून आपटला. “ताई, शिफ्टचं बटण अडकत असणार. ते अडकलं की कर्सर जाईल तिथे सगळं सिलेक्ट होतं.” कीबोर्ड नवा आला. मग त्यांना टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा संशय आला. ते काढून परत टाकलं, त्यातल्या चार सोयी बंद केल्या. मग कर्सरचा वेग कमी केला. ताईंना एक ओळ पार करायला दोनदा हात उचलावा लागायचा, म्हणून तो परत वाढवला. मग व्हायरस शोधला. मग म्हणाले, टेबलाला काच आहे म्हणून होतं, आणि माझ्याखाली एक जाड कापड घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथेच, त्यांच्या पंजाखाली होतो.

आता तुम्ही विचाराल, काकांनी मला का नाही तपासलं? तपासलं की. स्वतः बसून पंधरा-वीस वाक्यं ओढून बघितली. एकही सुटलं नाही. कारण काकांचं बोट जड, हातोड्यासारखं. ते एवढ्या जोरात दाबायचे की माझी झिजलेली पट्टीही टोकाला चिकटून राहायची. ताईंच्या हलक्या बोटाखालीच ती सुटायची. ज्या हाताचं सगळे कौतुक करायचे, नेमका तोच हात माझ्यामुळे खोटा पडत होता.

“मला तर काही दिसत नाही बुवा,” काका उठत म्हणाले. “नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना ताई?”

डास हसला. ताईही हसल्या. पण काका गेल्यावर त्या आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिल्या. मित्रांनो, अंगण खरंच वाकडं होतं हो! ते वाकडं अंगण मी होतो.

ताईंनी आणखी तीनदा तक्रार केली तेव्हा डॉक्टरबाई वैतागल्या आणि आख्खा संगणकच नवा आणला. खोक्यात त्याच्याबरोबर नवाकोरा माऊसही होता. काकांनी माझी वायर उपटली. मी म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा! तेवढ्यात ताई म्हणाल्या, “काका, माऊस हाच राहू द्या. हाताला बसलाय माझ्या.”

काकांनी मला परत जोडलं. नवा माऊस कपाटात गेला. आणि मला, काय सांगू, मला आनंद झाला. नवीन चकचकीत माऊस समोर असताना माझी निवड झाली. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी वाक्य सुटलं. खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं. ताई नव्या स्क्रीनकडे बघत बसल्या. संगणक नवा, कीबोर्ड नवा, सॉफ्टवेअर नवं. मग जुनं काय राहिलं? त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. त्या दिवसापासून ताईंनी तक्रार करणं बंद केलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ताई एक पेला काठोकाठ पाण्याने भरायच्या आणि हात लांब करून धरायच्या. पाणी सांडायचं नाही. पण त्यांचं समाधान व्हायचं नाही. “आज नाही सांडलं,” असं पुटपुटत त्या पेला ठेवायच्या. कुणाला हात दाखवावा, तर तेही नाही. बाबांसारखंच आहे, असं कुणी सांगितलं तर? त्या भीतीने त्या गेल्याच नाहीत. निळा पट्टा सुटला की पुन्हा ओढायच्या, पुन्हा सुटला की पुन्हा, आणि कुणी आलं की हात टेबलाखाली घ्यायच्या.

अशातच शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती, बोटांना खडू लागला होता. बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. बाईंच्या काखेत गाठ आली होती. सुई टोचून घेऊन त्या बाहेर आल्या, खिडकीपाशी थांबल्या आणि पडदा हातात धरून म्हणाल्या, “अहो, ही दुमड उसवलीय सगळी. रिपोर्ट न्यायला येईन तेव्हा घेऊन जाते, चार टाके घालून देते.”

“तुम्ही आधी बऱ्या व्हा,” ताई म्हणाल्या.

“मला काय धाड भरलीय?” बाई हसल्या. मुलगी मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची चिठ्ठी आली. तिच्यावर दुसरं वाक्य लिहिलेलं होतं. दूषित पेशी आढळल्या. ताईंनी आधी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा रिपोर्ट केला होता. त्यांचं सगळं ठीक होतं, म्हणून पहिलं वाक्य कॉपी करून पेस्ट केलं होतं. आता शिवणवाल्या बाईंचा रिपोर्ट. वरचं वर्णन ताईंनी बिनचूक टाईप केलं. मग फाईल उघडली, दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला बोट टेकवलं आणि ओढत नेलं. शेवटच्या शब्दावर माझी पट्टी सुटली. निळा पट्टा पुसला गेला. सवयीने डाव्या हाताने कॉपी दाबलं. पण काहीच निळं नव्हतं, तर कॉपी काय होणार? संगणकाच्या पोटात आधीचंच वाक्य होतं. ताई रिपोर्टात आल्या, पेस्ट केलं, आणि त्या गृहस्थांचं वाक्य बाईंच्या कागदावर उतरलं. दूषित पेशी आढळल्या नाहीत.

ताई कधी न बघता पुढे जायच्या नाहीत. पेस्ट केल्यावर स्क्रीनवर एक नजर टाकायच्याच. पण त्या दिवशी त्यांची नजर स्क्रीनवर नव्हती. ती त्यांच्या मनगटावर होती. हात थरथरतो का, ते त्या बघत होत्या.

मी सगळं बघितलं. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. पण मला दोन बटणं आणि एक चाक.

डॉक्टरबाई चाळीस रिपोर्टांवर एकदम सह्या करायच्या. एका हाताने कागद सरकवायचा, दुसऱ्याने सही. वर्णनात सगळं खरं लिहिलेलं होतं, पण ते अवघड भाषेत. पेशंट काय बघतो? शेवटची ओळ. शिवणवाल्या बाईंनी खिडकीसमोर उभं राहून ती वाचली, मुलीला वाचायला दिली आणि तिथेच तिच्या पाठीत एक धपाटा घातला. “बघ! उगाच चार दिवस माझं डोकं खाल्लंस.” मग त्यांनी पडदा दांडीवरून काढला, घडी करून पिशवीत टाकला आणि दोन दिवसांनी दुमड घालून, इस्त्री करून आणून दिला. पैसे विचारले तर म्हणाल्या, “चांगली बातमी दिलीत, आता कसले पैसे?”

पाच महिने तो पडदा माझ्यासमोर हलत होता.

पाच महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा मुलीने त्यांना दंडाला धरलं होतं. हात वर उचलत नव्हता. डॉक्टरबाईंनी जुनी काचपट्टी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, मग जुनी चिठ्ठी काढली आणि तिच्याशेजारी रिपोर्ट ठेवला. मग त्यांनी ताईंना हाक मारली.

दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“ताई, हे काय आहे?”

“मॅडम...”

“चिठ्ठीवर काय लिहिलंय, वाचा. आणि तुम्ही काय टाईप केलंय, तेही वाचा. मोठ्याने.”

ताईंनी वाचलं. दोन्ही वाचलं.

“माझा हात, मॅडम,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझा हात थरथरतो. वर्षभर झालं. मी कुणाला बोलले नाही.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी सही केली ती तुमच्या विश्वासावर.” त्या चिडल्या होत्या, पण घाबरल्याही होत्या. सही त्यांची होती, हे त्यांनाही कळत होतं.

ताईंनी एका कागदावर लिहून दिलं की हाताच्या दुखण्यामुळे माझ्याकडून चूक झाली, आणि काम सोडलं. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, आणि कुणी थांबा म्हणूनही सांगितलं नाही. त्यांनी आपला चष्मा आणि डबा पिशवीत भरला. मग एक बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मला नेहमीसारखं पुसलं. “तुझा काय दोष रे,” असं म्हणाल्या. मित्रांनो, मला कुणी जमिनीवर आपटून फोडलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

दोन महिने डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातानेच लिहिले, मग ताईंच्या जागी एक निवृत्त कारकून आले. चाळीस वर्षं टायपिंग करून बोटं वाकडी झालेले, पण हात ताईंसारखाच हलका, बोलण्यात फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन वाक्यं ओढली. दोन्ही सुटली. त्यांनी मला उलटा केला, सुलटा केला, हलकेच दोनदा टिकटिक केलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, “अहो, हा माऊस गेलाय! दुसरा आहे का?”

डासने कपाटातून नवा माऊस काढून दिला. माझी वायर उपटली, त्याची घातली. वाक्य निळं झालं ते निळंच राहिलं. झालं. इतकं सोपं होतं ते.

डास तिथेच उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला. मग मला हातात घेऊन तो आत गेला. “मॅडम, म्हणजे ताईंचा हात...”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. ताईंनी किती वेळा तक्रार केली होती, ते त्यांना आठवत असणार. “टाकून द्या तो,” त्या म्हणाल्या. “आणि हे बाहेर बोलायचं नाही. आता बोलून त्या बाई बऱ्या होणार आहेत का?”

डास ‘बरं’ म्हणाला. त्याने मला टाकलं मात्र नाही, खिशात घातलं. सुट्टीच्या दिवशी तो ताईंच्या घरी गेला. मीही गेलो, त्याच्या खिशातून.

घर दोन खोल्यांचं. खिडकीपाशी खुर्चीत ताईंचे बाबा बसले होते, मांडीवरचे हात सारखे हलत होते. ताईंनी दार उघडलं आणि डासला बघून त्यांचा जीव धसकला. “काय झालं? आणखी कुठला रिपोर्ट चुकला का?”

डासने मला टेबलावर ठेवलं. “ताई, हात नव्हता तुमचा. हा होता. नव्या माणसाच्या हातातही सुटतोय. मॅडमनी बोलू नका म्हणून सांगितलंय, पण मला काही राहवेना.”

ताई बसल्याच. बाबा म्हणाले, “इकडे आण बघू. तो बारका स्क्रू-ड्रायव्हर काढ, आणि माझं भिंग दे.” भिंग त्यांनी डोळ्याला लावलं, पण स्क्रू-ड्रायव्हर काही स्क्रूवर बसेना. दोनदा घसरला. तेव्हा त्यांनी तो लेकीपुढे धरला. “घे, तू उघड. मी बघतो.”

ताईंनी मला उघडलं. स्क्रू बारीक, खाच झिजलेली, तरी एका झटक्यात निघाला. मग चिमट्याने त्यांनी माझं झाकण उचललं, बटणाखालची डबी उघडली आणि ती पातळ पट्टी अलगद धरून बाबांच्या भिंगासमोर नेली. पट्टी जराही हलली नाही. डास बघत राहिला. बाबाही आधी पट्टीकडे नाही, लेकीच्या हाताकडेच बघत होते.

“टोक झिजलंय,” ते म्हणाले. “काळं पडलंय. हलकं दाबलं की सुटणार. पोरी, तुझा हात ठणठणीत आहे गं.”

मला वाटलं, आता ताई हसतील. नाहीतर रडतील आणि मोकळ्या होतील. पण त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मग तर आणखीनच वाईट झालं, बाबा.”

“म्हणजे?”

“हात माझा असो नाहीतर माऊस असो, काहीतरी बिघडलंय हे मला माहीत होतं. रोज सुटताना दिसत होतं. मग मी शेवटची ओळ परत का नाही वाचली? वाचायला काय हात लागतो?” त्या उठल्या. “मी त्या बाईंकडे जाऊन येते.”

“जाऊ नका ताई,” डास म्हणाला. “काय सांगणार त्यांना?”

“जे झालं ते.”

त्या गेल्या. डासही थोड्या वेळाने गेला. मी उघड्या पोटाने टेबलावर पडलो होतो आणि बाबा दाराकडे डोळे लावून बसले होते. तासाभराने ताई परत आल्या. चप्पल काढायचंही त्यांना सुचलं नाही.

“भेटल्या का?” बाबांनी विचारलं.

“नाही. गेल्या त्या. बारा दिवस झाले. मुलगी होती घरी.”

बाबांनी हातानेच त्यांना जवळ बोलावलं.

“तिला सगळं सांगितलं. माऊसचं सांगितलं, मी वाचलं नाही तेही सांगितलं. चिडली नाही हो ती. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, तुम्ही नाही वाचलीत, पण आई वाचायची. दुखायला लागलं की शिवण थांबवायची, मशीनच्या खणातून तो कागद काढायची, शेवटची ओळ वाचायची आणि परत कामाला लागायची. मी म्हणायचे, आई, चल परत दाखवून येऊ. तर मलाच रागवायची. म्हणायची, अगं, लिहून दिलंय ना त्यांनी.”

ताई बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या. बाबांनी आपला थरथरता हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, मला आता कुणी जोडणार नाही आणि जोडूही नये. मला तुमची कीव नको. पण एवढं ऐका. जो माणूस एखादी वस्तू रोज हाताळतो, तो जर म्हणाला की ही नीट चालत नाही, तर त्याला हसू नका. आधी वस्तू बदलून बघा, माणसाला बोल लावायचा तो मग लावा. ते सांगणारे तुम्हीच असाल, तर कुणी हसलं म्हणून गप्प बसू नका. आपल्याला प्रिय आहे म्हणून एखाद्या वस्तूला पाठीशी घालू नका. आम्हा वस्तूंना खरं सांगता येत नाही, आणि खरं सांगतो, यायला लागलं तरी आमच्यातल्या कितीजणांना धीर होईल कोण जाणे. आणि दुसऱ्यासाठी काहीही लिहिलंत, तर कागद हातातून सोडण्याआधी शेवटची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी एकदा वाचा. ती खरी मानून कुणीतरी आपलं दुखणं गिळणार असतं.